आपल्या पोट्टीची सुनावणी

अकरावीत मला एकच गोष्ट हवी होती. आमच्या रायपूरबाहेर नव्याने वसवलेल्या राजधानीत, नवा रायपूरमध्ये, शाळांची संविधान स्पर्धा व्हायची. लुटुपुटूचं न्यायालय मांडायचं, समोर खरेखुरे वकील न्यायाधीश म्हणून बसायचे. आमच्या संघाकडून युक्तिवाद मी करणार, असं राज्यशास्त्राच्या सरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. दिवाळीची सुट्टी मी कलमं घोकण्यात घालवली. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा तेच सांगत सुटले होते.

सरांचं घर रायपुरातल्या ब्राह्मणपाऱ्यात, आमचं गुढियारी वस्तीत, पण दोघंही मूळचे विदर्भातले. वर्गात ते हिंदीत बोलत. काही गैरसोयीचं सांगायचं असलं की मला व्हरांड्यात बोलावून मराठीत बोलत. स्पर्धा आठवड्यावर आली असताना त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

माझ्या जागी वर्गातला दुसरा एक मुलगा बोलणार होता. नवा रायपूरमध्ये रस्ते ऐसपैस, पण बस मिळेल तेव्हा खरी. त्याचे वडील संघाला मोठी गाडी देणार होते, पोरगा बोलणार असेल तर. मी राखीव.

"तू तं आपली पोट्टी आहेस," सर म्हणाले. "तू समजून घेशील. बाहेरच्याईले काय सांगू मी?"

हे 'आपलं' प्रकरण मी लहानपणापासून बघत आलेय. आमच्या मराठी मंडळात गणपतीला बाहेरून आलेला पाहुणा पुढच्या खुर्चीवर, आणि आपली माणसं चपलांजवळ उभी. आपलं माणूस म्हणजे ज्याचं ताट शेवटी वाढलं तरी चालतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच आठवड्यात सरांनी शिकवलं होतं की बाजू ऐकून घेतल्याशिवाय कुणाविरुद्ध निर्णय द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी मी भर वर्गात उभी राहिले आणि हिंदीत म्हणाले की माझी बाजू न ऐकता मला काढलंय. सरांचा चेहरा आधी पडला, मग एकदम खुलला. वा, म्हणाले, स्पर्धेचा विषयही हाच, यावरच सराव करू. संघातले तिघं न्यायाधीश झाले. मी तक्रारदार, तो मुलगा प्रतिपक्ष.

मी जीव तोडून बोलले. रागाने आवाज फाटत होता, तरी थांबले नाही. तो मुलगा एवढंच म्हणाला की गाडी आमची आहे. तिघांनी निकाल माझ्या बाजूने दिला. वर्गाने टाळ्या वाजवल्या, सगळ्यात जोरात सरांनी. मग म्हणाले, सराव झकास झाला, आणि बोलणार मात्र तोच. निकालाचं काय, असं मी विचारलं तर हसले. तो सराव होता, बेटा.

शाळा सुटताना पुन्हा व्हरांडा. माझा युक्तिवाद फार चांगला होता म्हणे, तेवढा त्या मुलाला समजावून दे.

"मले काढलं तं काढलं, सर," मी म्हणाले. "पण माझं बोलणं मी त्याले देणार नाही."

राखीव म्हणून मला त्या गाडीतून जावंच लागलं. न्यायाधीशांनी त्या मुलाला विचारलं, तुमच्या अशिलाची बाजू तर ऐकून घेतली होती, मग अन्याय कुठे झाला? निर्णय आधीच ठरलेला असेल तर ऐकणं हा नुसता देखावा, हे उत्तर मला पाठ होतं. कान धरून कुणी शिकवल्यासारखं पाठ होतं. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहत बसले. पहिल्याच फेरीत आम्ही बाहेर. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात हिंदीत जाहीर केलं की या मुलीत संघभावना नाही, हिला संघातून काढण्यात येत आहे. या वेळी व्हरांडा नव्हता, मराठी नव्हती, आपली पोट्टीही नव्हती. मी बोलायला हात वर केला. त्यांनी फळ्याकडे तोंड फिरवून पुढचा धडा सुरू केला. खरं सांगते, वर्गातल्या त्या टाळ्यांच्या सुनावणीपेक्षा मला हे बरं वाटलं.