आमच्या घरचा पाया

कुणाचीही ओळख झाली की पाया आधी त्या माणसाला मनातल्या मनात उचलून बघायची. आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा दारातच उभं राहून तिने बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग आईला, मग मला. निकाल तिने पुष्कळ दिवसांनी जेवताना सांगितला. "अंकल सोपे आहेत, सरळ उभे राहतात. आंटी कठीण, आंटी मध्येच हसतील. आणि ही," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली, "ही एकदम हलकी, पण हिला भीती वाटते. घाबरलेलं माणूस वजनापेक्षा जड होतं."

तिचं खरं नाव वेगळं होतं. पण आल्या दिवशीच आईने विचारलं, "त्या चिअरलीडिंगमध्ये तू करतेस तरी काय?" ती म्हणाली, "मी बेस, आंटी." आईला काही उमगलं नाही. वर उभी राहते ती फ्लायर आणि खालून तिचे पाय धरून तिला पेलतात त्या बेस, असं मी समजावू लागले, तर पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, "म्हणजे पाया." तीच म्हणाली, "अंकल, पाया बोललं की मला सूप आठवतं." तेवढ्यावर नाव पक्कं झालं. पुढे जिममधल्या मल्याळी आणि इजिप्शियन मुलीसुद्धा तिला पायाच म्हणायच्या.

ती दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनची. वडील, पास्कोल अंकल, मूळचे वसईचे. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. दुबईत नवीन असताना ते आणि बाबा एकाच खोलीत राहिले होते. पाया लहानपणापासून हाडापेराने मजबूत. शाळेच्या नाचात तिला कायम मागच्या रांगेत उभं करायचे, आणि एका वर्षी तर पडदा ओढायला ठेवलं. तिने तो इतका जोरात ओढला की तो खालीच आला, असं ती स्वतःच रंगवून सांगायची. मग कुठूनसं तिला कळलं की दुबईत, अल कूझच्या एका गोदामातल्या जिममध्ये, एक फिलिपिनो कोच चिअरलीडिंगची टीम तयार करतेय आणि तिच्याइतकं चांगलं कुणीच शिकवत नाही. पाया बापाच्या मागे लागून निवडीला आली. कोचने तिच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून दाबून पाहिलं आणि म्हणाली, "इतके दिवस कुठे होतीस तू?"

हे वाक्य पायाने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं. घरी परतताना गाडीत तिने बापाला सांगून टाकलं की आता मी दुबईलाच राहणार. सुरुवातीला पास्कोल अंकल रोज सोडायला येत. पण शारजाच्या ट्रॅफिकमध्ये प्रॅक्टिसची वेळ टळून जायची आणि ही भर रस्त्यात गाडीतून उतरून धावत सुटायची धमकी द्यायची. शेवटी ते दुबईतच अल मनखूलला आमच्याकडे आले आणि बाबांना म्हणाले, "थोडे दिवस पोरीला ठेवशील काय? नवीन शाळेत सेटल झाली की बघू." ते थोडे दिवस दोन वर्षं चालले. तिची शाळा बदलली, माझ्याच वर्गात आली, माझ्याच खोलीत झोपू लागली. मीही त्याच टीममध्ये होते. मी फ्लायर. म्हणजे दिवसाकाठी निदान तासभर मी तिच्या हातांवर उभी असायचे.

तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवारी सकाळी ती चर्चला जाई, तिथून थेट जिमला. शनिवारपासून शाळा. आईच्या आमटीची तिला चटक लागली होती आणि ती ताटात न घेता पेल्यातून प्यायची. सुट्टीनंतर येताना तिच्या मम्मीने केलेल्या फुग्यांचा, म्हणजे तळलेल्या गोल पावांचा, डबा आणायची. आई सोमवारी उपासाला असायची, तरी डबा उघडल्यावर "वास तरी घेऊ दे" म्हणायची. दोघींचं गूळपीठ असं जमलं की मी इंग्रजीत काही पुटपुटले तर आई पायाकडे बघे आणि पाया मला विचारल्याशिवाय भाषांतर करून मोकळी होई.

खाली उभ्या असलेल्या बेसला वरच्या मुलीचा चेहरा दिसत नाही. पायाला मात्र सगळं कळायचं. "आज तू वरती हसली नाहीस," असं ती उतरल्यावर म्हणायची. कसं कळलं विचारलं तर म्हणे, "घोट्यावरून कळतं गं. माणूस हसलं की घोटा सैल पडतो." मी पुष्कळदा खोटं हसून तिला फसवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आखाती देशांतल्या टीम्सची मोठी स्पर्धा दुबईत ठरली. तयारी जोरात चालली असतानाच एके दिवशी गोदामाचा एसी बंद पडला. सगळ्यांचे हात घामाने निसरडे झाले होते. मी वर गेले आणि उजवीकडच्या मुलीच्या हातातून माझा पाय सुटला. मी पडले ती पायाच्या अंगावर. तिने मला धड जमिनीवर टेकू दिलं नाही. माझं कोपर लागून तिचा ओठ मात्र फाटला. बर्फाचा तुकडा तोंडावर धरून ती मलाच विचारत होती, "तुला लागलं काय?"

मला काही लागलं नव्हतं. पण त्यानंतर वर जायची वेळ आली की माझे गुडघे वाकायचे. रोज तेच. कोच शांतपणे बघायची आणि एक दिवस म्हणाली, "या आठवड्यात जमलं नाही तर मला दुसरी मुलगी वर चढवावी लागेल." मी घरी येऊन आईला सांगितलं की मला हे सगळं सोडायचंय. पाया म्हणाली, "उद्या सकाळी आपण बीचवर जाऊ. आंटी, तुम्ही पण चला."

जुमैराच्या वाळूवर टीममधल्या दुसऱ्या दोन बेसही आल्या होत्या. मला वाटलं, मऊ वाळूवर मला वर चढवणार. पायाने चपला काढल्या आणि म्हणाली, "मी चढते. तू खाली राहा, माझ्या जागी."

मी म्हटलं, "तू आम्हाला पेलवणार नाहीस."

"पेलवेन की नाही ते मी ठरवते. तू फक्त धर."

आजवर ती कधीच कुणाच्या हातावर उभी राहिली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही तिघी खाली वाकलो, तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आईने मागून दोन्ही हात पसरले आणि "देवा रे" म्हणून डोळे मिटले. पाया वर गेली. तिचा पाय माझ्या तळव्यांत होता, टणक आणि गरम. घाम डोळ्यांत उतरत होता, पण हात सोडावा असं मनातसुद्धा आलं नाही. दुसरं काही सुचतच नव्हतं. जगात तेवढा एक पाय होता आणि तो धरून ठेवायचा होता.

वरून आवाज आला, "अरे, इथून उम्म अल कुवैन दिसतं."

आई हसायला लागली, आम्ही हसलो, आणि सगळ्या मिळून वाळूत कोसळलो. केसांतली वाळू झटकत पायाने विचारलं, "आता सांग. खालचं माणूस सोडतं काय?"

त्या संध्याकाळी मी पहिल्याच प्रयत्नात वर गेले आणि गुडघे वाकले नाहीत. कोच नुसतं "यल्ला, अगेन", म्हणजे चला, पुन्हा, म्हणाली. तिच्याकडून ती मोठीच शाबासकी होती.

स्पर्धेच्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. आमच्या आधीची टीम गोऱ्या मुलींची, एकसारख्या रिबिनी, चकचकीत कपडे. आमचे कपडे आईने आणि कोचने मिळून शिवलेले. पण संगीत सुरू झालं आणि मला त्यानंतरचं फार थोडं आठवतं. शेवटच्या मनोऱ्यात मी सगळ्यात वर उभी होते, हात आभाळाकडे, आणि खालून पाया ओरडत होती, "हस, हस, घोटा कडक आहे." मी इतकी हसले की पहिल्या रांगेतल्या परीक्षक बाईसुद्धा हसल्या. निकाल सांगताना आमच्या टीमचं नाव सर्वांत शेवटी घेतलं, म्हणजे पहिला नंबर. ड्यूटीवरून थेट आलेले, कारखान्याच्या युनिफॉर्ममधले पास्कोल अंकल खुर्चीवर चढून शिट्ट्या मारत होते आणि बाबा त्यांना खाली ओढायच्या निमित्ताने स्वतःच खुर्चीवर चढले होते.

पेपरात फोटो आला तो माझा. खालच्या मुली कापल्या गेल्या होत्या. मला ओशाळल्यासारखं झालं. पायाने फोटो डोळ्यांजवळ धरला, माझ्या बुटाखालचा एक कोपरा दाखवला आणि समाधानाने म्हणाली, "हे बघ माझं मनगट. काय मस्त आलंय."

पास्कोल अंकलची कॅनडाला जायची खटपट आधीपासून चालू होती. त्यांचा भाऊ तिकडे होता. कोचने आमच्या स्पर्धेची कॅसेट तिकडच्या एका नामांकित जिमला पाठवली आणि उत्तर आलं की मुलीला ट्रायलला पाठवा. ती जिम भावाच्या गावापासून खूप दूर, वेगळ्याच शहरात. घरात मोठा खल झाला. मग अंकल आमच्याकडे चहा पिता पिता म्हणाले, "लोक नोकरी बघून शहर निवडतात. आम्ही पोरीची जिम बघून निवडलं. नोकरी काय, कुठे पण भेटेल." मी तेव्हा त्यांच्याकडे बघितलं. या माणसाने आयुष्यभर कंपनी पाठवेल तिथे बिऱ्हाड हलवलं होतं.

एअरपोर्टवर मी रडणार हे ठरलेलंच होतं. पाया रडली नाही. तिला आईला सूचना द्यायच्या होत्या. "आंटी, हिला सकाळी उठवत जाऊ नका. ती जागी असते, नुसतं नाटक करते." मग मला एवढंच म्हणाली, "नवीन बेस येईल ती घाबरेल. तिला सांभाळ." आणि ट्रॉली ढकलत निघून गेली.

दोन महिन्यांनी दुपारी फोन वाजला. आईने घेतला.

"आंटी, घेतलं मला. खालच्या रांगेत, एकदम मधोमध."

"मधोमध म्हणजे चांगलं ना गं?"

"सगळ्यात वरची मुलगी माझ्यावर, आंटी."

आईने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि आत गेली. आमचं बोलणं संपेपर्यंत ती साडी बदलून बाहेर पडलीसुद्धा होती. गल्लीतल्या मिठाईच्या दुकानातून तिने पेढे आणले आणि मला बरोबर घेऊन बिल्डिंगमधलं एकेक दार वाजवायला सुरुवात केली. समोरच्या मल्याळी बाईंनी पेढा उचलत विचारलं, "क्या हुआ? बेटी का रिझल्ट आया?"

"हां," आई म्हणाली, "बडीवाली का."

मी आईबाबांची एकुलती एक. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी आईच्या हातातला खोका घेतला आणि पुढचं दार वाजवलं.