मालेगाव स्टँडचं ताजं डांबर

नव्वदनंतरच्या पहिल्या वर्षांत आमची पलटण काश्मीरमध्ये होती. माझ्या सेक्शनकडे आरओपीचं काम होतं. आरओपी म्हणजे रोड ओपनिंग पार्टी. फौजेच्या गाड्यांचा काफिला जायच्या आधी, उजाडताच, आम्ही तो रस्ता पायी तपासायचो. उकरलेली माती, पडलेला डबा, बाहेर आलेली वायर. सगळ्यात वाईट म्हणजे ताजं डांबर. त्याच्याखाली काय पुरलंय ते दिसत नाही.

सगळ्यांत पुढे लान्स नाईक दौलत, चांदवडचा. त्याच्या मागे अंतर सोडून शिपाई युसूफ, मालेगावचा. मग मी, हवालदार; दोघं मला उस्ताद म्हणायचे. पुढच्यानं मूठ वर केली की मागच्या सगळ्यांनी जागेवर थांबायचं, हा नियम. रस्ता साफ असला की दौलत वायरलेसवर म्हणायचा, "रोड ओपन. जाऊ द्या कांद्याच्या गाड्या!" साहेबांनी त्याला यावरून झापलं होतं. पण ऐकतोय कशाला.

एका सकाळी पुलाजवळ त्याची मूठ वर गेली. मी मागचा काफिला थांबवला.

"उस्ताद, ताजं डांबर. ओव्हर."

"हात लावू नको. मागे ये. ओव्हर."

"येतो."

तो वळलाच होता. तेवढ्यात स्फोट झाला. दौलत जागीच गेला. युसूफचा डावा पाय गुडघ्याखालून तुटला. माझा एक कान तेव्हापासून कमी ऐकतो.

पुढे मी पेन्शनीत नाशिकला आलो. मी भित्रा नाही. कोणाला तसं वाटत असेल तर त्यानं घरी येऊन तोंडावर सांगावं. पण नव्या डांबरावर मी पाय ठेवत नव्हतो. वळसा घालायचो. बायको म्हणायची, "अहो, सरळ चाला की. लोक बघतात."

"बघू दे."

युसूफनं पंचवटीत, मालेगाव स्टँडजवळ, पंक्चरचं दुकान टाकलं होतं. दोन हजार साल उलटून गेल्यावर त्याचा नकली पाय कामातून गेला. आतून घासून जखम झाली, ती भरेना. डॉक्टर म्हणाले, हाच पाय लावून हिंडलात तर आणखी वरून कापावं लागेल. त्याच वर्षी शहरात अपंग जवानांच्या मदतीसाठी मोठी मॅरेथॉन ठरली. बेचाळीस किलोमीटर. पळणाऱ्यानं छातीवर एका जवानाचं नाव लावायचं. दौड पुरी केली तर त्या जवानाला नवा पाय. अर्ध्यात सोडली तर नाही. मी नाव दिलं.

युसूफ हसला. "उस्ताद, मला एक पाय मिळेपर्यंत तुमचे दोन्ही जायचे."

"तू पंक्चर काढ."

पावसाळा सरल्यापासून रोज पहाटे मी दौडीच्याच रस्त्यानं पळालो. दमाचं काही वाटत नव्हतं. धास्ती रस्त्याची होती. म्हणून मी पळता पळता आरओपीच केली. कुठं खड्डा, कुठं गटाराचं झाकण, कुठं जुनं ठिगळ, सगळं पाठ केलं. ओळखीच्या खड्ड्याला मी भीत नाही. हळूहळू मान वर करून पळायला लागलो.

दौडीच्या सकाळी थंडी होती. शेजारी उभे असलेले एक बँकवाले खुशीत म्हणाले, "काका, काल सगळे खड्डे बुजवले बरं का. रस्ता कसा लोण्यासारखा झालाय!"

त्या थंडीत मला घाम फुटला. पाठ केलेला रस्ता गेला होता. जागोजागी काळी ओली ठिगळं.

पहिल्या ठिगळाला मी फुटपाथवर चढलो. दुसऱ्याला डिव्हायडरवर. असे वळसे घेत शहर ओलांडलं. छाती पळण्यानं धडधडत नव्हती. शेवटाकडे मालेगाव स्टँड आलं आणि रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत काळा. दोन्ही बाजूंना दोर बांधलेले, दोरामागे गर्दी. वळसा घ्यायला जागा नाही.

माझी मूठ आपोआप वर गेली. मी थांबलो.

मागची बाई माझ्यावर आदळली. "आजोबा, ट्रॅफिक पोलीस आहात का? व्हा की बाजूला!"

ती त्या डांबरावरून पळत गेली. बाकीचेही गेले. प्रत्येक पावलाला मी आवाजाची वाट बघत होतो. "थांबा!" असं ओरडलोही. कोणी ऐकलं नाही. दौडीच्या व्यवस्थेतला एक माणूस आला. "काका, दमलात. गाडीत बसा."

गाडीत बसलो की युसूफचा पाय गेला. हे कळत होतं. तरी पाऊल उचलेना.

युसूफला दुकानातून माझी मूठ दिसली. त्याला सांगावं लागलं नाही. कुबडी घेऊन तो दोराखालून आत आला आणि डांबराकडे निघाला.

"युसूफ, मागे ये!"

त्यानं आधी तोच जुना नकली पाय ठेवला, मग चांगला. त्याचे ओठ थरथरत होते. तोही घाबरला होता, मला दिसलं. तरी पलीकडच्या कडेपर्यंत गेला. मग वळला.

"रोड ओपन, उस्ताद. जाऊ द्या कांद्याच्या गाड्या."

डांबर ओलं होतं. त्याच्या कुबडीच्या खुणा उमटल्या होत्या. मी त्या खुणांच्या शेजारून एकेक पाऊल टाकत गेलो.

दौड पुरी केली. युसूफला पाय मिळाला. तो म्हणतो, नवा पाय चावतो. त्याला सवयच आहे कुरकुर करायची. मी आता वळसा घालत नाही, पण ताजं डांबर दिसलं की अजून आधी मूठ वर जाते.

त्या सकाळी काश्मीरमध्ये मागच्या गाड्यांत रजेवर निघालेले जवान होते. मूठ वर गेली म्हणून ते पुलाच्या अलीकडे थांबले आणि घरी पोहोचले. पुढे कोण होता हे त्यांतल्या कितीकांना ठाऊक असेल? म्हणून लिहून ठेवतो. लान्स नाईक दौलत, तालुका चांदवड, घरी कांद्याची शेती.