थांबारावांची रिकामी जागा

कॉम्प्युटर जोडण्यात अख्ख्या बाजारात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक पिटाळण्यातही नव्हतं! दुकानात माणूस आला की हा म्हणायचा, "थांबा हो, नवा प्रोसेसर येतोय. आत्ता घ्याल तर पस्तावाल." गिऱ्हाईक थांबायचं ते कायमचंच. मालकानं कपाळाला हात लावला आणि त्याचं नाव थांबाराव ठेवलं.

बरं, हे खूळ दुकानातच ठेवावं की नाही? मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. घरचा जुना कॉम्प्युटर इमारतीचं एक चित्र तयार करायला दिवसभर घुरघुरायचा. म्हणून यानं तिच्यासाठी नवा जोडायला घेतला. कॅबिनेट, बोर्ड, पंखे, सगळं पारखून बसवलं आणि बोर्डावरची प्रोसेसरची चौकोनी जागा तेवढी रिकामी ठेवली. तिथं येणार तो नवाच! वर चादर टाकून बजावलं, "कुणी हात लावायचा नाही."

कंपनीनं आधी मार्च सांगितला. मग मे. मग नुसतंच 'लवकरच'. लाज नाही वाटत? आणि या बाबाला कंपनीचा राग यायचा, पण तिच्यावरचा विश्वास काही सुटायचा नाही.

"बाबा, मागच्या वर्षीचा बसवा ना. या बोर्डावर तो चालतो," मुलगी म्हणायची. "सोळा तारखेला प्रोजेक्ट दिला नाही तर वर्ष जाईल माझं."

"शिळा प्रोसेसर? माझ्या हातानं? थांब जरा. मुदत वाढवून देतात कॉलेजवाले."

आता काय म्हणावं या माणसाला! पोटच्या पोरीचं वर्ष पणाला लागलंय आणि हा शिळं-ताजं करत बसलाय.

नवा आला तो वीस तारखेला. थांबारावानं दुकानात खोकं उघडलं, प्रोसेसर उलटा करून पाहिला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खालच्या बारीक टिकल्यांची मांडणीच वेगळी! 'जुन्याच बोर्डावर चालेल' असं वर्षभर सांगून आता खोक्यावर लिहिलं होतं, नवा बोर्ड घ्या.

"चोर लेकाचे!" तो ओरडतच घरी आला. "पोरीचं वर्ष घालवलं माझ्या!" बोर्ड उपटून काढायलाच त्यानं चादर ओढली, कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि हात तिथंच राहिला. रिकाम्या जागेवर प्रोसेसर होता. वर त्याला गार ठेवणारा कूलर नीट आवळलेला.

"हे कुणी केलं?"

"मी," मुलगी म्हणाली. "आईनं तुमच्याच मालकांकडून मागच्या वर्षीचा आणला. प्रोजेक्ट सोळालाच दिला."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं, बाबा. अकरा वेळा."

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं मान फिरवली नाही. मग तो फणफणत कूलर सोडवायला बसला, कुठंतरी एखादी चूक सापडावी म्हणून. कूलर आणि प्रोसेसरच्या मधली, उष्णता ओढून घेणारी पेस्ट एकसारखी पसरली होती. थेंबभरही बाहेर आली नव्हती.

"किती घातलीस?"

"तांदळाच्या दाण्याएवढी. तुम्हीच शिकवलंत."

ओरडायला आता जागाच उरली नाही. त्यानं जुनी पेस्ट पुसली, तेवढीच नवी घातली, त्याच शिळ्या प्रोसेसरवर कूलर परत आवळला. नवा त्याच्या शर्टाच्या खिशात तसाच राहिला.

"बाबा, सरकता का जरा?" मुलगी खुर्ची ओढत म्हणाली. "नोकरीसाठी चित्रं पाठवायचीत."