मी बोटीवरच होतो

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेव्हा झालं तसं लिहितो.

आमची ही वारली आणि महिन्याच्या आत माझ्या हातून एक गोष्ट झाली. दूध तापत ठेवलं आणि पडवीत जाऊन बसलो. दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस चालूच. शेजारणीला वास आला म्हणून वाचलो. तिने लगेच अमेरिकेत मुलाला कळवलं. मुलगा आला, घराला कुलूप लावलं आणि मला सनीव्हेलला घेऊन गेला. तीन महिन्यांसाठी म्हणून नेलं, पण तिथे पोचल्यावर त्याची भाषा बदलली.

"बाबा, परतीचं तिकीट कॅन्सल करतो. तुम्हाला एकटं राहता येणार नाही."

मी म्हणायचो, येईल. तो म्हणायचा, गॅस.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्या नागपूरच्या मित्राकडे सिएटलला गेलो. तिथे समुद्रात लहान लहान बेटं आहेत आणि त्यांच्यामधून बोट फिरते. ती बघायला निघालो. गाड्या दोन, एक आमची भाड्याची, एक मित्राची. मी कधी या गाडीत, कधी त्या गाडीत. मित्राच्या बायकोने चकल्या केल्या होत्या, म्हणून जास्त करून त्या गाडीत.

मी तीस वर्षं खाडीवरच्या लाँचवर काढली. दोर टाकायचा, धक्क्याला बांधायचा, माणसं उतरवायची, परत सोडायचा. तेव्हा बोट मला नवी नव्हती. पण ही बोट बघून तोंड उघडंच राहिलं. गाड्या पोटात घेते, माणसं वर बसतात. दोन्ही टोकं सारखी, तोंड कुठलं नि शेपूट कुठलं कळत नाही. आली तशी उलटी निघते, वळायचं कामच नाही. आमचा तांडेल लाँच वळवताना सगळ्यांच्या सात पिढ्या काढायचा, त्याला ही दाखवायला हवी होती.

पहिलं बेट आलं. कर्ण्यातून इंग्रजीत काही सांगितलं आणि लोक उठून खाली गाड्यांकडे गेले. मला ते कळलंच नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खोटं. कळलं होतं. पण एवढं धूड धक्क्याला लावतात कसं, ते बघायचं होतं. लाकडी खांबांना अंग घाशीत, करकरत बोट आली आणि थांबली. कपातला चहासुद्धा हिंदकळला नसता. मी "वा!" म्हटलं आणि खाली बघतो तर आमच्या दोन्ही गाड्या चढाने वर चाललेल्या. मुलाला वाटलं मी मित्राच्या गाडीत, मित्राला वाटलं मी मुलाच्या. बोट सुटली.

भीती वाटली. समुद्राची नव्हे, मुलाची. म्हटलं, आता परतीचं तिकीट गेलं.

मग डोकं चालवलं. गेलेली बोट याच धक्क्याला परत येणार. आपण मधे कुठे उतरायचं नाही, एवढंच काम. बोटीवर नारिंगी जाकीट घातलेली एक बाई होती, सुनेच्या वयाची. तिला मागच्या बेटाकडे हात करून सांगितलं, "सन. कार. गो. आय कम बॅक." तिने कपाळाला हात लावला, खळखळून हसली, वायरलेसवर कोणाशी बोलली आणि मला कॉफी आणून दिली.

पुढचं बेट अगदी लहान. धक्क्यावर फळी खाली सोडायला कोण उभं? ख्रिस्ती जोगीण! पायघोळ तपकिरी झगा, डोक्याला फडकं, वरून पिवळं चकचकीत जाकीट. मशीनचा दांडा ओढते, हाताने गाड्यांना हाकते, एका मोटारवाल्याला दम देते. मी वरून नमस्कार केला. तिने हात हलवला.

गावी बाजाराच्या दिवशी आमची ही माझ्याच लाँचने यायची. मशीनजवळ बसायची आणि सगळ्यांदेखत ओरडायची, "अहो, दोर टाकताय की गाईला वैरण?" लोक हसायचे, मी चिडायचो. जोगिणीला बघितलं आणि मी डावीकडे वळलो, "बघितलंस का गं" म्हणायला. खुर्ची रिकामी.

तरी सांगितलं. मोठ्याने सांगितलं. पलीकडे एक गोरी म्हातारी टेबलावर चित्राचे तुकडे जोडत होती. तिला वाटलं मी तिच्याशीच बोलतोय. "यस, यस," म्हणाली. मग तिलाच सगळं सांगितलं, मराठीत. तिने शेजारी बसवून घेतलं, एक निळा तुकडा हातात दिला. आभाळाचा की पाण्याचा, ते दोघांनाही ठरवता येईना. ती तिच्या भाषेत भांडली, मी माझ्या. दोघं हसलो. ही गेल्यापासून पहिल्यांदा हसलो. आधी वाईट वाटलं, मग नाही वाटलं.

तीन तासांनी बोट पहिल्या बेटाला लागली. धक्क्यावर चौघं उभी. सून रडत होती, मला बघून हसायला लागली. मित्र म्हणाला, "काका, जान काढली यार तुम्ही." मुलाचा चेहरा काळा ठिक्कर.

"बाबा, कुठे होता तुम्ही?"

"बोटीवर. तू कुठे होतास?"

"चेष्टा नको. हरवला असतात म्हणजे?"

"मी जागचा हललो नाही. बाप कुठल्या गाडीत आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि हरवलो मी?"

मित्र हसला. मुलगा हसला नाही. "आणि गॅस?" म्हणाला.

तेव्हा त्याला जे सांगितलं ते घरी कधी सांगता आलं नव्हतं. "गॅस विसरलो, खरं आहे. तिला जाऊन वीस दिवस झाले होते. मी कुठे आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. आज ठाऊक होतं."

त्याने तोंड पाण्याकडे फिरवलं. आई त्याचीही होती, हे मी इतके दिवस ध्यानातच घेतलं नव्हतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सोमवारी एजंटला फोन करतो," तो म्हणाला. "तुमची परतीची तारीख पक्की करायला. पण रोज मला फोनवर बोलायचं."

"रोज काय बोलणार रे?"

"काय जेवलात ते सांगा."

"रोज आमटी-भातच असणार."

"मग तेच सांगा."