चऱ्होलीचा गोमुखी प्लॉट

चाकणच्या एका कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर बसतो. पार्ट तयार होऊन आला की तो मोजायचा आणि केसाएवढा फरक निघाला तरी त्यावर लाल ठिपका मारून बाजूला टाकायचा, हे माझं काम. समोरचा ऑपरेटर कितीही वेळा "जाऊ द्या ना राव" म्हणाला तरी मी हलत नाही. आणि याच माणसाने स्वतःचा प्लॉट घेताना काय मोजलं? पावलं. तीही चिखल चुकवत, नव्या बुटांकडे बघत.

घर हवं होतं ते वडिलांसाठी. चिंचवडच्या जुन्या बिल्डिंगमध्ये आमचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लातूरकडच्या गावाहून वडिलांना आणलं तेव्हा ते रोज खाली उतरायचे. मग गुडघे गेले. उतरणं आठवड्यावर आलं, आणि पुढे फक्त दवाखान्यापुरतं उरलं. दिवसभर ते गॅलरीत बसून खालची माणसं बघायचे. "आता टकलावरून माणूस वळखायला लागलोय," म्हणायचे. आम्ही हसायचो, पण बायकोला ते हसणं झोंबायचं. तिने एकच अट घातली होती: दार उघडलं की पायाखाली जमीन पाहिजे.

चऱ्होलीचा प्लॉट दाखवणारा एजंट जगातल्या प्रत्येक पुरुषाला भावा म्हणायचा. "भावा, गोमुखी आहे, गोमुखी! पुढे अरुंद, मागे रुंद. लोक असला प्लॉट शोधत हिंडतात." गोमुखी जागा राहायला शुभ, हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. बायको म्हणाली, "अहो, तोंड जरा जास्तच बारीक नाही का?"

मी म्हणालो, "गाईचं तोंड आहे, हत्तीचं नाही."

हे वाक्य ती मला अजून ऐकवते.

वर मी वास्तुवाला बोलावला. त्याने होकायंत्र फिरवलं आणि ईशान्येला उतार आहे म्हणून माझं अभिनंदन केलं. ईशान्येला उतार का आहे, हे ना त्याने विचारलं ना मी. उतार कोणासाठी असतो हो? पाण्यासाठी! शाळेतल्या पोराला कळेल ते आम्हा दोघा शहाण्यांना कळलं नाही. इंजिनिअर तर त्याहून थोर. त्याने मोबाइलवरचे फोटो बघून नकाशा काढला आणि वडिलांची खोली मागच्या रुंद बाजूला दाखवली. "हवा येईल," म्हणाला.

पाया खणायला जेसीबी आला तेव्हा पहिला दणका बसला. प्लॉटचं तोंड नऊ फुटांचं आणि त्या नऊ फुटांत विजेचा खांब. तो खांब मी चार वेळा पाहिला होता. एकदा त्याला टेकून फोटोही काढला होता. जेसीबीवाल्याने खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, या मशीनची घडी होत नाय."

खांब हलवायचा अर्ज केला. महिन्याने चौकशीला गेलो, तर टेबलावरच्या माणसाने मलाच विचारलं, "कसला खांब?" शेवटी दोन मजूर लावून हाताने खणायला घेतलं. शेजारच्या भिंतीवरून एक म्हातारे शेतकरी बघत होते. गावातलं जुनं घराणं; शेत गेलं, आता कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या काढलेल्या. सगळे त्यांना आबा म्हणतात.

"गाईचं तोंड हाय म्हनं?" आबांनी विचारलं. "मग चारा कुठनं घालनार?"

मजूर हसले. मी हसलो नाही, कारण तीन फुटांवर फरशीचे तुकडे लागले होते. मग सिमेंटच्या गोण्या निघाल्या, पाठोपाठ अर्धं वॉश बेसिन. पाच फुटांवर एक जीन्स निघाली, तीही बऱ्या अवस्थेतली. जमीन काही निघेना.

"हितं वढा व्हता," आबा शांतपणे म्हणाले. "दोन वर्सं डंपर येत व्हते. पलीकडनं. आता तिकडं सोसायटीची भित झाली."

"मग आम्हाला सांगितलं का नाही आबा?"

"तुमी इचारलं कुठं? चार येळा आमच्या दारावरनं गेला, पर गाडीची काच बी खाली केली न्हाई."

मी तिथेच एजंटला फोन लावला. तो बेरड म्हणाला, "भावा, भराव टाकून लेव्हल करून दिलंय. कुणी करतं का एवढं?" माझा आवाज चढला तसा त्याचा उतरला. "नसेल जमत तर दुसऱ्याला देऊ ना. रविवारी गिऱ्हाईक आणतो. तू फक्त खड्डा बुजवून ठेव."

या माणसाला भर चौकात उभा करून जाब विचारावा, असं मला अजून वाटतं. पण ज्या संतापाने मी फोन आपटला, त्याच संतापात मी फावडं उचललं आणि खड्डा बुजवायला लागलो, हेही सांगायला हवं. बायकोने फावडं धरलं. "दुसऱ्याचा म्हातारा बुडवायचाय का?" एवढंच बोलली. खड्डा अर्धाच राहिला.

इंजिनिअर म्हणाला, खोल खांब घालून त्यावर घर उचलता येईल. त्यासाठी मशीन लागेल. मशीन म्हटल्यावर आम्ही दोघेही विजेच्या खांबाकडे बघू लागलो.

हे सगळं वडिलांच्या कानावर गेलंच. "मला न्हेऊन दाव," म्हणाले. बिल्डिंगमधल्या चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, बायकोने ओढणीने बांधलं आणि वरात तीन मजले खाली आली. प्लॉटवर त्यांनी खुर्ची तीन ठिकाणी ठेवायला लावली. तोंडाशी काठी टोचली तर टक्क आवाज झाला. मधे टोचली तर चार बोटं आत गेली. मागे टोचली तर वीतभर. त्यांनी मूठभर माती मागितली, चोळली, हुंगली आणि टाकून दिली.

मग भिंतीवरच्या आबांना विचारलं, "पावन्या, पानी कुठवर येतंय?"

"मोप पाऊस झाला की त्या निंबाच्या बुडापतूर. मागली बाजू समदी पान्यात."

दोन म्हाताऱ्यांचं पाच मिनिटांत आटपलं. मी आठ महिने होकायंत्रं, नकाशे आणि शुभ दिशा घेऊन नाचत होतो.

वडील माझ्याकडे वळले. "फुडं मुरूम हाय, घट्ट. पर तितं नुस्तं दार बसंल. घर बसायचं तितं उकिरडा हाय. बांधू नको."

"मग काय करू, अण्णा?" मी जवळजवळ ओरडलो. "सगळं यात घातलंय!"

"ते तुजं तू बग. जमीन कशी हाय ते इचारलंस, ते सांगितलं."

निघताना चौघांनी खुर्चीला हात घातला. वडिलांनी काठी जमिनीत रोवली. "मी वर येत न्हाई."

"अण्णा, चला, लोक खोळंबलेत."

"घर हुईल तवा हुईल. मला खालीच ठिव."

आम्ही समजावलं, मी रागावलो, बायको रडकुंडीला आली. काठी हलेना. आबांनी भिंतीवरून मान पुढे काढली. "कोपऱ्यावरची खोली मोकळी हाय की. उंबऱ्याला पायरी बी न्हाई. र्‍हाऊ द्या त्यास्नी."

अशा रीतीने, वाचकहो, मी माझ्या मालकीच्या जमिनीला खेटून भाडेकरू झालो. एजंटला ही गोष्ट कळल्यावर तो म्हणाला, "बघ भावा, जागा लाभली."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खोलीत वडील नाहीत. शोधत निघालो, तर ते रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर काठी मांडीला टेकवून बसले होते. एवढं अंतर ते एकटे चालून गेले होते. आठ महिने फसून मी त्यांच्यासमोर उभा होतो. अण्णांनी निदान आज तरी त्यावर चार शब्द बोलायला नकोत का?

"पत्ती कमी टाकतोय," बशी फुंकत ते म्हणाले. "उद्या सांगतो त्याला."