सगुणाक्काच्या वडिलांचा चेहरा बघायला बंगळूरला

"बाई, तुम्ही येणार असाल तरच मी जाते," सगुणाक्का म्हणाली आणि मी शाळेत दोन दिवसांची रजा टाकली.

मी खानापूरच्या हायस्कुलात शिकवते. सगुणाक्का जंगलातल्या गवळीवाड्यावर म्हशी राखते आणि गेली कित्येक वर्षं आमच्याकडे दूध घालते. पुण्याची ऋता नावाची मुलगी बंगळूरच्या एका मानववंशशास्त्र संग्रहालयात संशोधन करते, ती मध्यंतरी वाड्यावर आली होती. संग्रहालयाच्या जुन्या नोंदवहीत तिला एक नाव सापडलं होतं: विठू, गवळीवाडा, खानापूर. साठेक वर्षांपूर्वी काही अभ्यासकांनी जंगलातल्या माणसांच्या तोंडावर प्लास्टर थापून त्यांच्या चेहऱ्यांचे साचे काढले आणि त्यांतून पांढरे चेहरे ओतले होते. त्यातला एक विठूचा, म्हणजे सगुणाक्काच्या वडिलांचा. त्याच पावसाळ्यात तो तापाने गेला. सगुणाक्का तेव्हा पाळण्यात होती. घरात त्याचा एकही फोटो नाही.

खानापूरहून बंगळूरला थेट रेल्वे आहे. स्लीपरचं तिकीट लवकर काढून ठेवलेलं बरं. सकाळी तुमकूर मागे पडलं, मी चहा घेतला, तेव्हा सगुणाक्का खिडकीतून नजर न काढता बोलली.

"आई म्हणायची, त्या पांढऱ्या चिखलात घरधन्याचा श्वास अडकला. म्हणून गेला त्यो. बाई, मी बघायला न्हाई चालले. फोडायला चालले."

चहा माझ्या साडीवर सांडला. संग्रहालयाच्या भेटीच्या अर्जावर तिच्यासोबत येणारी म्हणून माझी सही होती.

चामराजपेटला माझ्या मावसबहिणीकडे आंघोळी केल्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलात ताटाएवढी तट्टे इडली मिळते, चटणी मागाल तेवढी. मी अर्धी टाकली. सगुणाक्काने दोन खाल्ल्या. संग्रहालय इंदिरानगरच्या बाजूला. तुम्ही मेट्रोनेच जा. मी ऑटो केला आणि तासभर धुरात बसले. "स्वल्प जाम, अक्का," रिक्षावाला दर सिग्नलला म्हणत होता. ऋताला फोन करून सांगावं का? तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा पिशवीत टाकला. सांगितलं तर ती आम्हाला दारातूनच परत पाठवेल, असं वाटलं.

ऋताने सांगितलं होतं की चेहरा कोठारातून बाहेर काढून ठेवतील. पण आत शिरलो आणि पाय थबकले. नव्या प्रदर्शनासाठी तो भिंतीवर चढला होता. डोळे मिटलेल्या पांढऱ्या चेहऱ्यांची रांग, खाली पाट्या. एका चेहऱ्याशेजारी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेली मुलगी तसेच डोळे मिटून उभी होती आणि तिचा मित्र फोटो काढत होता. त्याच चेहऱ्याच्या पाटीवर लिहिलं होतं: गवळी, पुरुष, वय अंदाजे बावीस, खानापूर. आणि ऋताने कळवलेला क्रमांक. नाव नव्हतं.

"सरका," सगुणाक्का म्हणाली. मराठी न कळूनही दोघं बाजूला झाले. तिने हात वर नेला.

"अम्मा, मुट्टबेडी!" हात लावू नका म्हणत रखवालदार धावला. आवाज ऐकून ऋता आणि संग्रहालय सांभाळणाऱ्या गायत्री मॅडम आल्या. ही त्याची मुलगी, असं ऋताने कानात सांगताच मॅडमनी हातमोजे चढवले, चेहरा स्वतः उतरवला आणि आम्हाला मागच्या खोलीत नेलं. टेबलावर मऊ कापड अंथरून त्यावर तो ठेवला.

आता मला राहवेना. मी ऋताला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिचा चेहराच उतरला. "ताई, याची दुसरी कॉपी नाहीये! मूळ साचाही नाही उरलेला."

मॅडमना मराठी थोडं समजायचं. त्यांनी कानडीत सरळ विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?"

सगुणाक्काने बाजारात शिकलेल्या कानडीत तितकंच सरळ सांगितलं, "फोडायचंय."

मॅडम सावकाश बोलल्या. "हा तुम्हाला देऊन टाकणं किंवा फोडू देणं माझ्या एकटीच्या हातात नाही. तुम्ही अर्ज करा, समितीपुढे मी तुमच्या बाजूने बोलेन. पण आधी हातात घ्या. तेवढा तुमचा हक्क आहे."

"मॅडम!" ऋता पुढे झाली. मॅडमनी तिला हाताने थांबवलं.

सगुणाक्काने चेहरा उचलला. खाली दगडी फरशी. तिने तो छातीपर्यंत आणला, मग खांद्याच्याही वर नेला. मग तिचे हात तिथेच थांबले. डाव्या भुवईत साच्यातून आलेला त्याचा एक काळा केस प्लास्टरमध्ये रुतून राहिला होता. हात हळूहळू खाली आले. तिने त्या केसावरून बोट फिरवलं, खुर्चीत बसली आणि चेहरा मांडीवर घेतला.

"भितीवर न्हाई लावायचा," ती शेवटी म्हणाली. "पेटीत ठेवा. वाड्यावरचं कुणी आलं तर दाखवा." मग ऋताकडे वळली. "तू मापं घे, काय लिहायचं ते लिही. पण नाव लिही. नुसता आकडा नको."

मॅडमनी ते लिहून घेतलं, कानडीत वाचून दाखवलं, अंगठा घेतला. निघताना पाहिलं, भिंतीवर मोकळा खिळा होता आणि त्याखाली घाईत लिहिलेला कागद: विठू, गवळीवाडा. कुटुंबाच्या इच्छेनुसार चेहरा उतरवला आहे. ती मघाची दोघं तो वाचत होती. फोन खिशात होते.

तुमच्या माणसांचं काही अशा ठिकाणी असेल तर आधी पत्र लिहा आणि मनात काय आहे तेही कळवा. मी ऋतापासून लपवलं, हे अजून टोचतं. शास्त्राचं बरं झालं की सगुणाक्काचं, हे मला ठरवता आलेलं नाही. चेहरा पेटीतच ठेवायचा का, यावर समितीचा निर्णय व्हायचाय. तोवर पेटी बंद आहे.

परवा दूध घालायला आली तेव्हा मी विचारलंच, "अक्का, का नाही फोडलास?"

ती उंबऱ्यावर टेकली. "बा म्हणून हाक मारायला गेले, बाई. तर तोंड बघितलं, माझ्या थोरल्या नातवाहून बारकं. लेकरावर कसा हात उचलायचा?"