रिकामा तांब्या

हे मी लिहावं की नाही, ते अजून नीट कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. माझ्याआधी घरातल्या कुणी सही आणि अर्ज यापलीकडं काही लिहिलेलं नाही. नाटकाबद्दल बोलायचा अधिकार तर त्याहून कमी. एकाच नाटकात होतो, आणि त्यात मला तीन वाक्यं होती. म्हणून आधीच माफी मागतो.

"आजपासून तांब्या रिकामा ठेव रे," दिग्दर्शक म्हणाले. माझ्याकडं न बघता.

पुंडलिकनगरातल्या एका बंगल्याच्या वरच्या हॉलमध्ये तालीम चालायची. हौशी मंडळ. स्पर्धेसाठी संगीत नाटक बसवत होते. बँकेतले, शिक्षक, डॉक्टर, सगळी शिकलेली माणसं. कॉलेजातल्या मराठीच्या मॅडमनी मला तिथं पाठवलं होतं. मी शहराबाहेरच्या शेंद्र्याहून शेअर रिक्षानं यायचो. वडील तिथल्या एका कंपनीत हेल्पर.

नाटकाचा शेवट असा. लढाईत पडलेला राजा मरायला टेकलाय. एक सैनिक त्याला तांब्यानं पाणी पाजतो. राजा दोन घोट घेतो आणि शेवटचं पद गातो. राजा म्हणजे नाना. निवृत्त अधिकारी, मंडळाचे सगळ्यात जुने गायक नट. सैनिक मी.

पहिले दहा-बारा दिवस तांब्या भरलेला असायचा. सामान सांभाळणाऱ्या मंदाताई तो माठातून भरून द्यायच्या. नाना माझ्या मांडीवर डोकं टेकायचे, मी तांब्या ओठांना लावायचो, ते प्यायचे. एकदा म्हणाले, "हात स्थिर आहे बरं का तुझा! माझा गळा आता तुझ्या हवाली." सगळे हसले. ते वाक्य मी घरी आईला तीनदा सांगितलं.

मग स्पर्धेचा अर्ज भरायचा दिवस आला. कलाकारांची पूर्ण नावं हवी होती. तोवर मला सगळे नुसत्या नावानं हाक मारायचे. मी आडनाव सांगितलं. गाव सांगितलं. नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "अच्छा. तिकडचा का तू," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तांब्या रिकामा.

"पोशाख भिजतो," दिग्दर्शकांनी सांगितलं. मला पटलं. खरंच पटलं. नानांचा शेला रेशमी होता. तालमीत कुणी पोशाख घालतच नाही, हे लक्षात यायला मला चार दिवस लागले. नाना आता मांडीऐवजी उशीवर डोकं ठेवायचे. मान दुखते म्हणे. तेही मी पटवून घेतलं.

एक दिवस माझा पेपर होता. येणार नाही म्हणून सांगून ठेवलं होतं. पेपर लवकर सुटला, धावत गेलो. दारातूनच दिसलं. माझ्या जागी नानांचा पुतण्या. त्याच्या मांडीवर नानांचं डोकं. तांब्या ओठांना. गळ्याची गाठ वरखाली होत होती.

नाना पाणी पीत होते.

मी जिन्यात बसलो. सगळ्यांच्या चपला तिथंच होत्या. त्यांच्यात माझ्या कुठं काढू, तेही सुचेना.

घरी सांगितलं. वडील जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. "सोड म्हणत नाय मी," ते म्हणाले. "पण रिकामंच भांडं धरायचं व्हतं, तर कॉलेजात कशाला घातलं तुला?"

प्रयोगाच्या दिवशी मंदाताईंनी विंगेत रिकामा तांब्या पुढं केला.

"ताई, भरून द्या."

"अरे, नाना चिडतील."

"भरून द्या."

त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतलं. पाणी त्यांचं होतं. तांब्या मंडळाचा होता. हात तेवढा माझा होता.

उजेड आम्हा दोघांवर. ऑर्गनचा सूर धरलेला. मी नानांचं डोकं उशीवरून उचलून मांडीवर घेतलं. तांब्या तिरका केला. पाणी ओठांना लागलं आणि नानांनी डोळे उघडले. मरणाऱ्या राजाचे डोळे मिटलेले हवे होते. ते माझ्याकडं बघत होते. मी मनात म्हणत होतो, प्या. एकच घोट प्या. मी सगळं विसरतो. खरंच विसरलो असतो.

त्यांनी ओठ घट्ट मिटले. पाणी दाढीवरून गळ्यावर, गळ्यावरून शेल्यावर गेलं. मी हात काढला नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग नानांनी मान फिरवली आणि कोरड्या गळ्यानं पद सुरू केलं. आवाज फाटला. टाळ्या पडल्या.

मेकअप रूममध्ये ते अंगावर आले. "अक्कल आहे का? पाणी होतं त्यात!"

"पाणीच होतं," मी म्हणालो.

"उद्यापासून येऊ नकोस," दिग्दर्शक म्हणाले.

नंतर कुणाचा फोन नाही. मॅडमना तोंड दाखवायची हिंमत होईना. नाटक आपणच नासवलं, असं वाटायचं. वर्गात बसलो तरी मांडीवर ते डोकं जाणवायचं. कितीतरी दिवस मी घरात कुणालाही पाणी दिलं नाही. आईलासुद्धा नाही. हात पुढंच होईना.

परवा मंदाताईंचा फोन आला. निकाल लागला. नानांना अभिनयाचं पदक. परीक्षकांनी त्या प्रसंगाचं वेगळं कौतुक केलंय. तहानेनं जीव जात असताना राजा पाणी नाकारतो, ही नटाची मोठी जाण, असं म्हणाले. मंदाताई म्हणाल्या, "तुझं नाव कुठंच नाही रे."

रविवारी मंडळ नानांचा सत्कार करणार आहे. मला बोलावलेलं नाही. मी जाणार आहे. सुरुवातीला मागितलेली माफी परत घेतो. राजा ते पाणी का प्यायला नाही, ते मी तिथं सगळ्यांपुढं उभं राहून सांगणार. आधी माझं पूर्ण नाव सांगेन, आडनावासकट. मग बाकीचं.